लाकडातले दोन ठोके

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावास्येची तर नाहीच. भर दुपारची आहे, भाकरी सोडायच्या जरा आधीची.

आणि खरी आहे.

ज्याला शंका असेल त्यानं मावळात आमच्या वाडीवर यावं. वाडीच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत, सागाचा एक अर्धा ओंडका पडलाय. वाडीवर वीज आली त्याच्याही आधी आणून टाकलेला. इतके पावसाळे गेले, कुजला असेल म्हणावं... तर नाही. वाळवी त्याच्या अवतीभवती वारूळ बांधते. त्याला शिवत नाही.

त्या ओंडक्यावर शेवटचे हात होते ते शिदूचे. शिदू म्हणजे माझा आजा.

शिदू आणि त्याच्या बहिणीचा नवरा नवशा, दोघं करवत्ये. तेव्हा लाकूड हातानं कापायचं. जमिनीत पुरुषभर खड्डा, खड्ड्यावर आडवा ओंडका. वर उभा नवशा, खाली शिदू. मधे एकच लांब करवत. एकदा वरच्यानं ओढायची, एकदा खालच्यानं.

वरून नवशा गायचा,

"वरल्याला ऊन रं, खालच्याला भुसा..."

खालून भुशानं भरल्या तोंडानं शिदू पुरं करायचा,

"एका करवतीचा दोघांनी वसा!"

तुंगार्लीच्या कितीतरी बंगल्यांची दारं ह्या गाण्यावर कापली गेली. आत राहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. दारांना असेल.

ह्या कामात एक नेम होता. लाकूड कधी कधी करवत आवळून धरतं. मग वरचा चिरेत खैराची पाचर घालतो आणि चीर मोकळी करतो. पण पाचर घालायच्या आधी कोयत्याच्या पाठीनं ओंडक्यावर दोन ठोके द्यायचे.

टक्... टक्.

ठोके आले की खालच्यानं हात सोडायचे. तत्क्षणी. विचारायचं नाही, वर बघायचं नाही. नाही सोडले तर वरच्याची बोटं जायची.

तोंडाचा शब्द भुशात बुडतो. लाकडातला ठोका बुडत नाही.

शिदूच्या अंगात तो ठोका इतका मुरला होता, की घरी कुणी दोनदा दार वाजवलं तरी त्याच्या हातातला घास ताटात पडायचा. त्याची बहीण गंगी हसायची.

"दादा, तुझं हात ह्यांच्याकडं गहाण टाकलंस व्हय रं?"

मग वडगावला, स्टेशनाच्या अलीकडं, लाकूड कापायची विजेची गिरणी आली.

खाली एक चाक, वर एक चाक, दोघांवर ताणलेला पोलादाचा पट्टा आणि पट्ट्याला दात. नवशा-शिदूची जोडी आठवडाभर जे कापायची, ते ही गिरणी न्याहारीच्या आत कापून मोकळी. वर्षाच्या आत खड्डे बुजले. कुणी करवत्या कोळसा पाडायला गेला, कुणी रेल्वेच्या खडीवर. नवशा-शिदूला मालकानं गिरणीतच ठेवून घेतलं. नवशानं पुढून ओंडका रेटायचा, शिदूनं मागून ओढायचा.

"दाजी, ही बया गात न्हाई," शिदू पहिल्या दिवशी म्हणाला. "नुसती कोकलती."

"तिला कान न्हाईत," नवशा म्हणाला. "भैरं माणूस मोठ्यांदाच बोलतं."

मालकही हसला. "अरे, ती दमत नाही, रुसत नाही, तंबाखू मागत नाही. तुम्ही नुसतं धरून राहा. कापायचं तिचं ती बघेल."

पौषात एक जाडजूड साग लावला. निम्म्यात लाकडानं पट्टा आवळला. यंत्र कण्हू लागलं. चिरेतून धूर आला.

खटका पाडून यंत्र बंद करायचं होतं, एवढंच. पण नवशाचे हात खटक्याच्या आधीच्या जमान्यातले होते.

त्यानं कमरेची पाचर काढली. आकडीत अडकवलेला कोयता काढला. आणि...

टक्... टक्.

शिदूनं हात सोडले.

यंत्र कसलं सोडतंय! मागचा आधार सुटला तसा ओंडका कलंडला आणि चिरेवर वाकलेला नवशाचा हात पट्ट्यावर गेला. कोपराच्या वर. हाड तुटल्याचा आवाजसुद्धा वेगळा आला नाही. लाकडासारखाच आला. हातामागोमाग पट्ट्यानं अंग ओढलं. रक्ताची चूळ पत्र्यापर्यंत उडाली. मालकानं खटका पाडला तोवर छाती चिरल्या फळकुटासारखी उघडी पडली होती.

नवशाचे डोळे शिदूवर होते. त्यात राग नव्हता. नवल होतं.

भुसा उपसला. चाळला. पुन्हा चाळला.

हात सापडला नाही. पाचरही नाही.

"अर्धा माणूस कसा पुरू रं दादा?" गंगी म्हणाली. "खाली गेल्यावर इचारतील, हात कुटं ठिवलास?"

अर्ध्यालाच माती दिली.

मालकानं बापाची जागा पोराला दिली. हौशीराम नुकता मिसरूड फुटून लग्नाला आलेला, गंगीचा एकुलता एक. घरात दुसरी मिळकत नव्हती, नाही म्हणायची सोय नव्हती. गंगीनं शिदूचा हात धरला आणि लेकाच्या डोक्यावर ठेवला.

"शपत घे. पुन्यांदा सोडायचं न्हाई. काय बी हू दे. देवानं हाळी दिली तरी धरून ऱ्हायचं."

"न्हाई सोडणार," शिदू म्हणाला.

त्यानंतर सुरू झालं.

यंत्र बंद होतं. माणसं भाकरी खात होती. रचलेल्या फळ्यांच्या थप्पीतून...

टक्... टक्.

शिदूच्या हातातला कप खाली पडला. थप्पीमागं कुणी नव्हतं.

मग घराच्या मेढीतून. मग बैलगाडीच्या साटीतून. जिथं लाकूड, तिथं.

"मामा, दोरी बांधू का हाताला?" हौशीराम हसायचा. "मालकाचं कप संपलं की आपल्याला गाडग्यातनं च्या पाजंल त्यो."

"तुला न्हाई ऐकू येत?"

"काय?"

"काय न्हाई."

शिदू रात्रंदिवस एकच घोकायचा. धरून राहायचं. पोराच्या बापाला सोडलं, पोराला सोडायचं नाही.

चैत्रातली दुपार. उन्हानं पत्रे तडतडत होते. नवा साग लावलेला. सरळ, बिनगाठीचा. पट्टा लोण्यात चालावा तसा चालत होता.

आणि शिदूच्या तळहातांना...

टक्.

कानाला नाही. तळहातांना.

टक्.

त्यानं समोर बघितलं. हौशीरामचे दोन्ही हात ओंडक्यावर सपाट टेकलेले. कोयता लांब खुंटीला होता.

शिदूची बोटं उलगडायला लागली. त्यानं ती पुन्हा आवळली.

टक्... टक्.

आता जोरात. आतून. दाराआड कुणी कोंडलं असावं तसं.

धरून राहायचं. धरून राहायचं.

मग यंत्राच्या खालून, भुशाच्या खड्ड्यातून, तोंडात भुसा भरलेला एक आवाज आला...

"वरल्याला ऊन रं... खालच्याला भुसा..."

जन्मभर वर उभा राहून गाणारा आज खालून गात होता.

"पोरा, सर मागं!" शिदू ओरडला. "सर!"

यंत्र कोकलत होतं. हौशीरामनं मान हलवली, 'काय?' म्हणून. आणि ओंडका आणखी रेटला.

ठोके आता ठोके राहिले नव्हते. कुणी लाकडाला आतून धडका देत होतं. शिदूची नखं सालीत रुतली, उलटली, रक्त आलं.

त्यानं सोडलं नाही.

खण्ण...

पट्टा तुटला. पोलादाचा तो नाग चाकावरून उसळला आणि हौशीरामच्या गळ्यातून पार झाला. तो क्षणभर उभाच होता. हात ओंडक्यावरच. मग मान मागं कलंडली, बिजागरीवर दार उघडावं तशी. आणि शिदूच्या डोळ्यांत, तोंडात, सगळीकडं ऊन ऊन रक्त.

माणसं धावली. शिदूची बोटं एकेक करून ओंडक्यावरून सोडवावी लागली.

पट्टा कशावर तुटला, म्हणून मालकानं तो ओंडका कुऱ्हाडीनं फोडायला लावला. पट्ट्याची चीर सोडली तर वरून दुसरी चीर नाही, भोक नाही. पण ऐन गाभ्यात, जिथं पट्टा येऊन तुटला, तिथं...

खैराची पाचर होती.

नवशाची. त्याच्या कोयत्याची खूण असलेली. सागाची वर्षावर्षांची कडी तिच्याभोवती वळून आवळली होती, मूठ आवळावी तशी.

पाचर ओली होती. लाल.

मालकानं ती गिरणी पुन्हा सुरू केली नाही. तिथली कापायची राहिलेली लाकडं लोकांनी नेली. तो ओंडका कुणी नेईना, म्हणून शिदूनंच वाडीवर ओढून आणला.

हौशीरामला माती देऊन आल्यावर गंगीनं एकदाच विचारलं.

"ठोका आलता?"

"व्हय."

"मग सोडलं का न्हाईस रं?"

शिदूनं हात पुढं केला, तिनं लेकाच्या डोक्यावर ठेवला होता तोच. बघता बघता गंगीनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

पुढं आजा पुष्कळ जगला. पण त्यानं हातात काही धरलं नाही. आजी त्याला भरवायची. मला त्याच्या मांडीवर कुणी कधी दिलं नाही.

त्याचा शेवट मी पाहिला. बाजेवर पडून होता, दोन्ही हातांनी बाजेचं लाकूड घट्ट धरलेलं. श्वास घुटमळत होता, जाईना. तीन जणांनी मुठी उकलायचा प्रयत्न केला. उकलल्या नाहीत. म्हातारी झालेली गंगीआजी अंगणात बसली होती, डोळ्यांनी अधू.

तेव्हा बाजेच्या पायातून...

टक्... टक्.

सगळ्यांनी ऐकलं.

आज्याचे हात सुटले.

अंगणातून गंगीआजी हळूच म्हणाली, "आलं व्हय, न्यायाला?"

तेवढ्याचा मी आजवर विचार करतोय. त्या दुपारचे ठोके लेकाला राखायला होते, की न्यायला? राखायला म्हणावं, तर पाचर आत कुणी ठेवली? न्यायला म्हणावं, तर इतक्यांदा 'सोड' कशाला सांगितलं?

ती बाज आता माझ्या घरी आहे. तिच्यावर कुणी झोपत नाही. जाता-येता कधी चुकून हात टेकतो.

गेल्या महिन्यात असाच टेकला... आणि तळहाताला लागलं.

टक्.

एकच.

दुसरा अजून आलेला नाही.