मागच्या गाडीतला हॉर्न

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी. मागच्या फेब्रुवारीतला रविवार होता, ॲरिझोनाच्या वाळवंटातला.

मी मर्ना. मी आणि माझा नवरा डॉइल मोटरहोममध्येच, म्हणजे चाकांवरच्या घरातच राहतो. मागे टो-बारने, म्हणजे गाडी ओढायच्या लोखंडी दांड्यांनी, आमची छोटी लाल गाडी जोडलेली असते. मुक्काम ठोकला की ती सोडायची आणि गावात फिरायचं.

डॉइलची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. सोमवारपासून फिनिक्सला रोज उपचार होते. ती तारीख हुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता.

आणि शनिवारी या शहाण्याने काय करावं? गाडी जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्समध्ये घेतलं! टो-बारचा एक दांडा पार वाकला.

"जगाला सांगत फिरतोस, गाडी जोडलेली असताना मागे घ्यायची नाही म्हणून!" मी किंचाळले.

"सांगायला काय जातंय," तो धापा टाकत म्हणाला.

मला रडू कोसळलं. दोन गाड्या मी एकटी कशी नेणार? आणि एवढं धूड घेऊन रोज हॉस्पिटलात कशी जाणार?

रविवारी सकाळी आमच्या मुक्कामाच्या तळावरच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. तीन टो-बार सापडले. डॉइल फोनवर होता.

"पहिल्यावर वजन किती कोरलंय बघ."

"आपल्या गाडीच्या वजनापेक्षा कमी आहे."

"ठेव खाली. उतारावर तुटला तर गाडी गेली दरीत."

"दुसऱ्याचे दांडे हलतच नाहीत."

"मग गाडी अगदी नेमकी आणून लावावी लागेल. तुला एकटीला जमायचं नाही. तिसरा?"

तिसरा हवा तसा होता. दांडे आत-बाहेर सरकायचे, गाडी ओढली की आपोआप अडकायचे. वजनही भरपूर पेलणारा. तो विकत होता एल्वुड नावाचा म्हातारा. त्याने मला नीट बघून घेतलं.

"पोरी, मागच्या गाडीत कोणी बसणार नाही ना?"

"चालू असताना? कोणाला वेड लागलंय का?"

त्याने दांड्यांवरून एकदा हात फिरवला आणि टो-बार माझ्या हातात दिला.

दुपारी मी गाडी जोडली. मोटरहोम हळूच पुढे घेतलं.

टक... टक...

दोन्ही दांडे अडकले. डॉइल मागच्या पलंगावर झोपला. आम्ही निघालो.

बराच वेळ सगळं ठीक होतं. मग मी मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं...

लाल गाडीत कोणीतरी बसलं होतं.

स्टिअरिंगमागे. पिवळा स्वेटर. हाताची घडी.

ऊन चमकतंय, झालं. मी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं तर सीट रिकामी.

आणि मग...

पोंsss.

आमच्याच गाडीचा हॉर्न! वायर कुठेतरी चिकटली असेल, असं म्हणून मी चालवत राहिले. थांबायची माझी हिंमतच नव्हती. अंधारापूर्वी पोहोचायचं होतं.

पोंsss... पोंsss...

मग तो थांबेचना. माझं डोकं फिरलं. गाडी कडेला घेतली आणि शिव्या घालत मागे धावले.

हॉर्न बंद.

आत कोणी नव्हतं. दारं कुलूपबंद.

पण सीटबेल्ट लावलेला होता. मी लावला नव्हता.

मी डॉइलला सांगायला आत पळाले...

आणि मशीनचा आवाजच नव्हता.

हादऱ्यांनी प्लग निघाला होता. डॉइलचे ओठ निळे पडले होते.

"डॉइल! अरे ऊठ! मला असं सोडून जायचं नाही हं!" मी प्लग खुपसला, त्याला उठवून बसवलं, गालांवर थापट्या मारल्या. देवाची इतकी विनवणी मी जन्मात केली नव्हती.

शेवटी त्याने श्वास घेतला.

"मारतेस काय, बये?" तो पुटपुटला.

मी त्याला मिठी मारून हमसून हमसून रडले.

त्याचे उपचार वेळेवर सुरू झाले. काही दिवसांनी मी एल्वुडला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"आर्डिथ," तो म्हणाला. "माझी बायको. भांडण झालं की मागच्या गाडीत जाऊन बसायची. तोंड बघायचं नाही म्हणायची. एके दिवशी अशीच बसली आणि तिने हॉर्न वाजवला. खूप वाजवला. मला वाटलं, राग गेला नाही अजून. मी थांबलोच नाही."

त्याचा आवाज फुटला.

"पोहोचलो तेव्हा ती गार पडली होती."

डॉइलची तब्येत आता बरीच सुधारली आहे. पुढे माझ्या शेजारीच बसतो. टो-बार तोच आहे. टाकून द्यायला हात धजत नाही.

पण परवा...

पोंsss.

मी करकचून ब्रेक दाबला. मागचा पलंग रिकामा. डॉइल शेजारी घोरत होता. नळी जागेवर, मशीन चालू, ओठ छान गुलाबी.

त्याला काहीच झालं नव्हतं.

आणि मोटरहोममध्ये आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. मग हॉर्न कोणासाठी होता?

डॉइलला मी हे सांगितलेलं नाही. उद्या त्याच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात जाईन, तेव्हा मीही डॉक्टरांना दाखवून घेणार आहे.