डाव्या पायाची रेषा

इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर एक अनोळखी तरुण टोस्ट खात बसला होता. "बसू का?" असं विचारता विचारता रेषावाली बसलीसुद्धा.

रेषावाली म्हणजे तिला सर्जनबाईंनी ठेवलेलं नाव. लहान मुलांच्या मज्जारज्जूत वाढलेल्या गाठी बाई काढायच्या, तेव्हा ही थिएटरच्या कोपऱ्यात पडद्यासमोर बसून मुलांच्या हातापायांतून येणाऱ्या संदेशांच्या रेषा बघायची. रेषा खाली बसली की पाय धोक्यात. मग हिने 'थांबा' म्हणायचं आणि बाईंनी हात वर घ्यायचा, असा तिथला नियम.

"दमलेल्या दिसता," तरुण म्हणाला.

झालं! धरणच फुटलं.

"आमच्याकडे नवा भूलवाला आलाय. काल त्याने मध्येच भुलेचा गॅस वाढवला आणि माझ्या रेषा सपाट! माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर साहेब म्हणतात कसे, 'अहो, थोडासाच वाढवला.' थोडासाच! डोळे तेवढे..."

"डोळ्यांचं काय?"

"काही नाही. बरे आहेत."

तरुणाला टोस्टचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी टोपी-मास्कमधला भूलवाला तिच्या पडद्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आज गॅस बंद. सगळी भूल शिरेतून देतोय... डोळे आज कसे आहेत?"

मास्कशिवाय तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं! त्याने मात्र कालच तिला आवाजावरून ओळखलं होतं, आणि शांतपणे शिव्या खाल्ल्या होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण थिएटरची फरशी कसली दुभंगतेय? ती पडद्याकडे बघत राहिली, कान लालेलाल.

त्यानंतर मात्र तो औषधाला हात लावण्याआधी तिला विचारू लागला. "वाढवू?" "वाढवा." "पुरे?" "पुरे." बाई म्हणायच्या, "हा संसार चाललाय की ऑपरेशन?"

आणि मग ती मुलगी आली. आई तिला लाडाने टोळ म्हणायची, कारण पोर कधी चाललीच नव्हती, नुसत्या उड्या. हल्ली मात्र डावा पाय ओढायची. गाठ पाठीच्या मधोमध होती. काढली नाही तर पाय जाणार, काढताना जरा इकडेतिकडे झालं तरी जाणार.

सकाळी हात धुण्याच्या बेसिनपाशी तो म्हणाला, "मला तुला... म्हणजे तुम्हाला काही विचारायचंय."

"आज नको. आज माझं डोकं फक्त त्या पोरीच्या पायांत आहे."

ऑपरेशन छान चाललं होतं. गाठ जवळजवळ निघाली, शेवटचा पातळ पापुद्रा तेवढा मज्जारज्जूला चिकटून होता. तेवढ्यात डाव्या पायाची रेषा झुकली. तिने पुन्हा तपासलं... आणखी झुकली.

"थांबा!"

बाईंचे हात वर गेले.

"भूल वाढवलीत का?" तिने त्याला विचारलं. सगळ्यांसमोर. विचारताना तिलाच कसंतरी झालं.

"नाही. पण रक्तदाब उतरलाय," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझं लक्ष उशिरा गेलं. वर आणतोय."

बाईंनी जखमेत कोमट सलाइन सोडलं. आता वाट बघणं, दुसरं काही नाही. तो दाब वाचत होता, ती रेषा. हळू... अगदी हळू... रेषेने मान वर काढली.

"आली," ती म्हणाली.

बाई बराच वेळ त्या पापुद्र्याकडे बघत राहिल्या. "राहू दे तो तिथेच. त्याच्यावर नजर ठेवू. पाय महत्त्वाचे."

संध्याकाळी अतिदक्षता विभागात टोळ गुंगीतच डोळे किलकिले करत होती. आई उशाशी, हे दोघं पायथ्याशी.

"बेटा, अंगठा हलव बघू," तो म्हणाला.

उजवा हलला. डावा... नाही. आईने पदर तोंडाला लावला. रेषावालीने पलंगाची कड घट्ट धरली.

मग चादरीखाली काहीतरी वळवळलं, आणि टोळ वैतागून पुटपुटली, "हलवला की! सारखं काय?"

आईचा जीव भांड्यात पडला. हे दोघं बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी आज चुकलो," तो म्हणाला.

"हो."

"निदान 'नाही' तरी म्हणायचं."

"का म्हणू? चुकलात. पण कुणी बोट दाखवायच्या आधी स्वतःच सांगितलंत. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत." ती आपल्या चपलांकडे बघत म्हणाली, "माझं तेव्हाच ठरलं."

"काय ठरलं?"

"सगळंच. तुमचं विचारायचं तेवढं राहिलंय."

समोरून सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत येत होती. ती वळणाआड जाईपर्यंत त्याने वाट पाहिली. मग त्याने विचारलं... आणि इतकं अडखळत विचारलं, की मधले दोन शब्द तिलाच पुरवावे लागले.