फरशी धरलीस का?

मॉडेलसाठी पुठ्ठ्याची माणसं कापायचं काम आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात सगळ्यात नव्या माणसाकडे असे, म्हणजे धाकटीकडे. हे नाव थोरल्या सरांनी पहिल्याच दिवशी ठेवलं आणि ते चिकटलं. वाचनालयाची इमारत मात्र तिने स्वतः आखलेली, पहिलीच. मॉडेलच्या अंगणात उभा करायला तिने एक माणूस हौसेने बाबांसारखा कापला: एक हात कमरेवर, डावीकडे किंचित कललेला. बाबांचा सगळा जन्म गवंडीकामात गेला होता. तिचं कुठलंही ड्रॉइंग पाहिलं की त्यांचा एकच प्रश्न, "फरशी धरलीस का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा होता.

"मी नाही हात लावला," झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. "तुमच्या त्या खेळण्यावर मी फुंकरसुद्धा लांबून मारते."

धाकटी हसली आणि तिने त्याला पुन्हा अंगणात चिकटवलं. सकाळी तो परत वर. तिसऱ्या खेपेला तिने दुप्पट गोंद लावला. सकाळी गोंदाचा ठिपका अंगणात जसाच्या तसा होता, वाळून खडखडीत. माणूस गॅलरीच्या अगदी कडेला होता. वाकून तिने डोळा त्याच्या पातळीला नेला. कठडा जेमतेम त्याच्या मांडीपर्यंत येत होता.

तिने घाईघाईने ड्रॉइंग बाहेर काढलं. कठड्याची उंची तिने कच्च्या स्लॅबपासून धरली होती. वर विटांचा भराव, सिमेंटचा मसाला आणि फरशी येणार, हे साफ विसरून. कठडा सात इंचांनी बुटका झाला होता.

साइटवर कठडे त्याच आठवड्यात बसत होते. एक फोन पुरला असता. पण पुढचं मोठं काम सर तिच्या हाती द्यायच्या बेतात होते.

"धाकटे, सगळं तपासलंस ना?"

"हो, सर."

तिने तो माणूस ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं.

उद्घाटनाच्या सकाळी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. भाषणं चालू असताना धाकटीने सहज वर पाहिलं. बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटेच उभे होते. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताच्या वितीने ते वाकून कठडा मोजत होते.

"बाबा, मागे व्हा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा खाली आले.

"फरशी धरली नाहीस, बाळा," ते हळूच म्हणाले. "सरांना सांगशील ना?"

"उद्या सांगते. तुम्ही घरी जा."

तिने त्यांना स्वतः बसमध्ये बसवून दिलं. बस सुटली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी ऑफिसात येऊन तिने कुलूप काढलं. ड्रॉवर रिकामा होता.

मॉडेलच्या गॅलरीतही कुणी नव्हतं.

तिने घरी फोन लावला. "आई, बाबा पोचले?"

"पोचले आणि लगेच परत गेलेसुद्धा. टेप घेऊन. म्हणाले, नीट मोजून आणतो, पोरीला सरांपुढे अडखळायला नको."

फोन कानाशी धरूनच ती मॉडेलवर वाकली.

अंगणात तो पालथा पडला होता, डोकं गोंदाच्या ठिपक्यावर.

वाळलेला गोंद पुन्हा ओला झाला होता.