धुऱ्याचा काटकोन

"थांबा! त्या खुंट्या ठोकू नका!" ओरडतच नगमा वावरात शिरली. मागे सुट्टीला अकोल्याहून आलेला मामेभाऊ हसनैन आणि शेजारच्या उत्तमरावांची खुशी.

उत्तमरावांना तारेचं कुंपण घालायचं होतं. त्यांनी बोलावलेले देवीदासभाऊ दोन्ही शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, आखत होते, आणि नगमाच्या अब्बांची विहीर चक्क पलीकडे जात होती! त्या उन्हाळ्यात शेंदूरजनाघाटात बोअर आटले होते, वाळल्या संत्र्यांवर कुऱ्हाडी चालत होत्या. विहीर गेली की अब्बांची बागही गेलीच.

"काका, रस्त्याकाठच्या हद्दीच्या दगडापासून धुरा रस्त्याशी काटकोनात, हे दोन्ही घरांले कबूल हाय ना? मंग हा तिरपा कावून?" नगमाने उत्तमरावांना विचारलं.

"संत्र्याच्या ओळीवरून आखला मी," देवीदासभाऊ गुरकावले. "ओळ सरळच असते!" त्यांचा नवाकोरा टेप पिशवीतच होता.

"सरळ हाय, पण काटकोनात नाही! दादाजानने उतार पाहून झाडं लावली, पाणी वाहावं म्हणून. हो ना अब्बा?"

"हो बेटा. पण जाऊ दे," बाजूला उभे असलेले अब्बा हळूच म्हणाले. "धुऱ्यापायी शेजार तोडाचा नाही."

नगमाला रडूच आलं. पण ती कसली हटते!

हसनैनने सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या. तीन, चार, पाच! अशा बाजूंच्या त्रिकोणात काटकोन येतोच, हे तिघांनाही शाळेत शिकवलं होतं. दगडापाशी सुतळी ताणली, आणि काय! विहीर अब्बांकडे!

"जिंकलो!" हसनैनने उडी मारली.

"थांब. पुन्हा ताण," नगमा म्हणाली. या वेळी रेघ भलतीकडेच गेली. उत्तमराव खो खो हसले.

"राहू दे ना! पहिलं माप आपल्या फायद्याचं होतं," हसनैन कुजबुजला.

"सुतळी ताणली जाते रे! इथं बोटभर चुकलं तर विहिरीपाशी हातभर चुकते. असं माप मले नाही पाहिजे. देवीदासभाऊ, तुमचा टेप द्या!"

उत्तमरावांचं हसू थांबलं. "दे रे टेप," ते म्हणाले.

आता सहा, आठ आणि दहा मीटरचा मोठा त्रिकोण! खुशी दगडापाशी बसली, हसनैन रस्त्यावर, नगमा वावरात. "बाबा, टेप ढिला नाही ना? पाहून घ्या!" खुशीने वडिलांनाच दटावलं.

"दगडाच्या दुसऱ्या अंगानंही मोजा," उत्तमराव म्हणाले. मोजलं. खुंटी तिथंच आली, तसूभरही हलली नाही!

मग एका रेघेत तुराट्या रोवत पोरं थेट विहिरीपर्यंत गेली. विहीर अब्बांच्याच वावरात! देवीदासभाऊ मान खाली घालून टेप गुंडाळू लागले.

उत्तमरावांनी चुकीच्या खुंट्या स्वतः उपटल्या. "नबीभाई, चालू करा मोटर! पोरगी मोठी खरी हाय तुमची. खोटं माप फायद्याचं होतं, तरी नाही घेतलं!"

अब्बांनी नगमाला जवळ ओढलं.

"आता माह्या भावाकडचा धुराही मोजून दे बरं," उत्तमराव म्हणाले.

"देतो की!" नगमा म्हणाली. "पण काका, जे निघन ते कबूल करा लागन!"