दहावी टिचकी

"आवाज करू नका रे! काकू उठली तर तिघांचंही काही खरं नाही!"

"आम्ही कुठं करतोय? मघापासून तूच खिदळतेयस!"

एकाहत्तर सालची मे महिन्याची सुट्टी होती. भिंगारमध्ये विष्णुपंत वकिलांच्या बैठकीत भर दुपारी तीन डोकी काळ्या टेलिफोनवर वाकली होती. नीलांबरी आणि तिचा धाकटा भाऊ सुमंत पुण्याहून काकांकडे आले होते. तिसरा गोरक्ष. तो पुणतांब्याचा, शेजारी मामाकडे सुट्टीला आलेला.

फोन होता, पण कुलपात! डायलला बोट घालायची जी भोकं असतात, त्यातल्या एकात काकांनी इवलंसं पितळी कुलूप अडकवलं होतं. बाहेरून आलेला फोन घेता येई, पण घरातून लावता येत नसे. किल्ली काकांच्या जानव्याला आणि काका कोर्टात!

"काकांनाच उचलून आणावं लागेल," सुमंत म्हणाला.

"कुलूप डायलला हाय," गोरक्ष डोळे मिचकावत म्हणाला, "ह्या बटनांना कुठं हाय? मामाच्या हापिसातली पोरं अशीच फोन लावत्यात!"

त्यानं रिसीव्हर उचलला. रिसीव्हर ठेवायच्या खाचेत दोन पांढरी बटणं होती, ती तो पटपट दाबू लागला. दोन हवेत तर दोन टिचक्या, सात हवेत तर सात. मध्ये जरा थांबायचं. शून्याला मात्र दहा! डायल फिरतं तेव्हा आतल्या आत हेच करतं म्हणे. गोरक्ष गावच्या जत्रेत हलगी वाजवायचा, त्यामुळे त्याची बोटं अशी सफाईनं चालली की नीलांबरी बघतच राहिली.

"सूर्यभान बर्फवाले. दोन, सात, चार, शून्य!" तिनं नंबर सांगितला.

बेत असा की सूर्यभानशेठना विचारायचं, "गरम बर्फ आहे का हो?" बेत कुणाचा ते सांगायलाच नको. सुमंतला कुणाचाही आवाज काढता यायचा, आणि आपल्याला तो येतो याचा त्याला भारी गर्व होता.

पलीकडे घंटी वाजली, पण आवाज आला तो एका म्हाताऱ्या बाईचा.

"कोन? बन्सी? बन्सी का रं?"

सुमंतनं तोंडावर हात दाबला. राँग नंबर! पण हातची गंमत सोडील तो सुमंत कसला? त्यानं घोगरा आवाज काढला, "व्हय आई."

"आरं माज्या लेकरा! कवा येतूस?"

"येतो की. दुपारच्या गाडीनं." आणि त्यानं धाडकन रिसीव्हर ठेवला!

तिघंही सतरंजीवर गडाबडा लोळले. काकू उठली, ओरडली, आणि तो विषय तिथंच संपला. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिघं गोळा खायला एसटीच्या थांब्याकडे निघाले होते. थांब्यावर, टळटळीत उन्हात, एक म्हातारी फडक्यात बांधलेला डबा मांडीवर घेऊन बसलेली. संगमनेरहून पाथर्डीला जाणारी गाडी आली. म्हातारी उठली, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तिनं निरखलं, आणि गाडी गेल्यावर पुन्हा खाली बसली.

"ही कालही होती," नीलांबरी म्हणाली. "आणि परवाही!"

चहावाला खदखदून हसला. "कडूबाई हाय ती! खुळावलीया. पोरगं संगमनेरकडं साखर कारखान्यात फिटर हाय. दिवाळीला भांडून गेलंय. आता म्हनं त्याचा निरोप आलाय, येतो म्हनून. रोज डबा आनती आन सांजच्याला कुत्र्याला घालती!"

बाकड्यावरची चार शहाणी माणसंही हसली. तिला सावलीला बस म्हणावं, असं एकाच्याही मनात आलं नाही.

"खोटा निरोप!" सुमंत उसळलाच. "म्हातारीला कुणीतरी फसवलंय! त्या लबाडाला शोधायचं, आणि अशी खोड मोडायची की जन्मात विसरणार नाही!"

"आन त्याला हितंच उन्हात बसवायचं!" गोरक्ष म्हणाला.

तेवढ्यात कडूबाई उठायला गेली आणि भोवळ येऊन तिथंच कोसळली. तिघं धावले. गोरक्षनं चहावाल्याच्या माठातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. ती शुद्धीवर आल्यावर तिला धरून धरून त्यांनी घरी नेलं. घर कसलं, एका डॉक्टरांचा बंगला होता. डॉक्टर सहकुटुंब महाबळेश्वरला गेलेले आणि कडूबाई राखणीला.

"आजी, तुम्ही जेवला नाहीत का?" नीलांबरीनं विचारलं.

"त्याच्या आधी कशी जेवू? उपाशी येईल लेकरू."

सुमंत अगदी गुप्तहेराच्या थाटात पुढं सरकला. "आजी, निरोप कुणी आणला? माणूस दिसायला कसा होता?"

"मानूस कशाला आनतोय! ह्यातनं आला." कडूबाईनं कोपऱ्यात बोट दाखवलं. "ह्याचा नंबर मीच दिल्ता बन्सीला. आपल्या तोंडानं बोलला, व्हय आई, येतो, दुपारच्या गाडीनं."

कोपऱ्यात टेलिफोन होता. त्याच्याही डायलला कुलूप होतं. आणि डायलच्या मधोमध, गोल कागदावर, ठळक शाईत नंबर लिहिलेला होता. दोन, सात, चार, नऊ.

नीलांबरीनं तो वाचला आणि सुमंतकडे पाहिलं. सुमंतचे कान लालबुंद झाले होते. लबाड सापडला होता! त्याला शोधायला फार लांब जावं लागलं नव्हतं.

फाटकाबाहेर येताच गोरक्ष रडकुंडीला आला. "म्या धाच मारल्या हुत्या! आईच्यान!"

"नऊ मारल्यास," नीलांबरी म्हणाली. "दहावी टिचकी हसण्यात गेली. आणि हसत मीही होते."

"टिचकी चुकली तर चुकली," सुमंत पुटपुटला. "'व्हय आई' मी म्हणालो. ते चुकून नाही."

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नव्हतं. सुट्टी संपली की पुणं गाठायचं! पण उद्या पुन्हा ती डबा घेऊन उन्हात बसणार. आणि परवाही. तो मागं वळला. दोघंही त्याच्या पाठोपाठ आले.

"आजी, फोन बन्सीचा नव्हता. आम्ही... मी गंमत केली."

कडूबाई हसली. "चल! माज्या पोराचा आवाज म्या वळकत न्हाई व्हय? या कानांनी ऐकलंय म्या. उद्या न्हाईतर परवा ईल तो."

किती सांगितलं तरी तिला पटेना. शेवटी एकच उपाय उरला, आणि तो सुमंतला ठाऊक होता. आयुष्यात त्यानं शेकडो आवाज काढले होते, टाळ्या घेतल्या होत्या. आज मात्र त्याला मान वर करवेना. त्यानं जमिनीकडे पाहत घोगऱ्या स्वरात म्हटलं,

"व्हय आई. येतो की. दुपारच्या गाडीनं."

कडूबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. ती ओरडली नाही. तिनं शिव्याही दिल्या नाहीत. तिनं डब्याचं फडकं सोडलं आणि डबा सुमंतपुढं सरकवला.

"खा," ती म्हणाली. "तुज्यासाठीच केल्तं म्हनायचं."

डब्यात शेंगदाण्याची पोळी होती. सुमंतनं एक घास तोंडात घातला, पण तो गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं!

घरी येताच तो थेट फोनशी गेला. "गोरक्ष, ट्रंक बुकिंगला लाव. संगमनेरजवळचा साखर कारखाना, बन्सी फिटर."

"अरे, परगावचा ट्रंक कॉल बिलात येतो!" नीलांबरी म्हणाली. "काकांना सगळं कळेल!"

"कळू दे."

या वेळी कुणी हसलं नाही. गोरक्षनं टिचक्या मारल्या आणि नीलांबरीनं त्या बोटांवर मोजल्या. बुकिंगच्या बाई म्हणाल्या, "रिसीव्हर ठेवा, लागला की घंटी देते." आणि घंटी वाजली तेव्हाच नेमके विष्णुपंतकाका दारात हजर! त्यांनीच रिसीव्हर उचलला.

"संगमनेर? मी नाही बुक केला! आणि या फोनला तर कुलूप..." ते ठेवणार इतक्यात सुमंतनं त्यांचा हातच धरला.

"काका, नंतर हवं तेवढं मारा! पण आत्ता तोडू नका!"

पुतण्याचा चेहरा पाहून काका चकित झाले. त्यांनी मुकाट्यानं रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती आणि एक माणूस ओरडत होता, "कोन बोलतंय?"

सुमंतनं सगळं सांगितलं, काहीही न गाळता.

"रोज बसती? उन्हात?" बन्सी म्हणाला.

"हो. आज भोवळ येऊन पडली."

"तुला एक ठिवून द्यावी वाटती बघ, पोरा." मग त्याचा आवाज खाली आला. "आन मला दोन. तिला हिकडं ऱ्हायाला ये म्हनलो, ती न्हाई म्हनली, आन म्या सा म्हैने राग धरून बसलो. ह्यो नंबर माज्या खिशात हाय. येकदाबी फिरवला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीतून एक धिप्पाड माणूस उतरला. थांबा रिकामा होता. आज कडूबाई आलीच नव्हती! बन्सी त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभा राहिला. मग मुलांनी त्याला बंगल्याकडे नेलं.

कडूबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. या वेळी नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायला ती तयार नव्हती. उठून तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"न्हाई," बन्सी म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. मुलं हळूच फाटकाबाहेर सटकली.

रात्री काकांनी तिघांना बैठकीत बोलावलं. आता काय होणार! गोरक्ष तर दाराशीच उभा राहिला, पळायला सोपं म्हणून.

"गुन्हा केलात, तो स्वतःच शोधलात आणि तोंडानं कबूलही केलात," काका म्हणाले. "माझ्या वकिलीत असा आरोपी अजून पाहिला नाही. शाबास!"

"शाबास म्हणू नका ना, काका," सुमंत मान खाली घालून म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग जानव्याची किल्ली सोडून कुलूप काढलं. "तुमच्या टिचक्यांपुढं हे काय कामाचं! आणि उन्हात बसलेली ती बाई मीही रोज कोर्टातून येताना पाहत होतो. विचारलं नाही कधी."

बन्सी चार दिवस राहून गेला. तो गेला त्याच दुपारी सुमंत एकटाच फोनपाशी बसला. त्यानं डायलमध्ये बोट घातलं. दोन, सात, चार. डायल कुरकुरत परत येईपर्यंत तो प्रत्येक आकड्याला थांबला. मग नऊ. आज मुद्दाम.

पलीकडे घंटी वाजली. रिसीव्हर उचलला गेला.

"कोन? बन्सी? पोचलास का रं?"

सुमंत आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, "नाही आजी. मी सुमंत."

आता ती फोन ठेवेल, असं त्याला वाटलं.

"बरं," कडूबाई म्हणाली. "बोल, सुमंत."