शेवटचं पाणी

पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला पाणी किती घट्ट चिकटून बसतं, हे शोधणं तिचं रोजचं काम. आवरणातल्या स्निग्ध रेणूंची फॉस्फेटची टोकं पाण्याचे मोजके रेणू धरून ठेवतात. हवा काढून घेतली की बाकीचं पाणी निमूट उडून जातं. हे मात्र हटता हटत नाही.

या वेळचं आवरण तिनं धाकट्या भावाच्या रक्तातून काढलं होतं. "उंदरापेक्षा मी बरा, चावणार तरी नाही," असं म्हणत त्यानं स्वतःच दंड पुढे केला होता.

सकाळी तिनं काचेवर पसरलेला त्या आवरणाचा थर निर्वात पेटीत ठेवला आणि खालची आच वाढवली. वजन उतरत गेलं, मग थांबलं. इथवर सगळं ठीक होतं. आणखी आच दिली, तर वजन वाढू लागलं.

"गळती असणार," शेजारचा सहकारी म्हणाला. सतत समजावत बसायची खोड म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं एकेक सांधा तपासला. गळती नव्हती. मग त्यानं पुन्हा पहिल्या सांध्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, सकाळपासून पाणी पितोच आहे. तहान भागत नाही गं." आवाज घशात घासत होता.

तिचा हात आपोआप बटणाकडे गेला. तिनं आच बंद केली. "आता?"

"आता काय?" तो थांबला. "हां... जरा बरं वाटतंय. काय केलंस तू?"

तिनं फोन ठेवला. पेटीत हवा सोडली आणि थरावर पाण्याचा थेंब टाकला. तो पसरला नाही; दिसेनासा झाला. दुसराही. काच कोरडी ठणठणीत.

ती तशीच त्याच्या घरी धावली.

दार उघडंच होतं. तो खिडकीपाशी शांत बसला होता. समोर पाण्याचा ग्लास भरलेला, न उष्टावलेला.

"तहान?"

"गेली." तो हसला. "बस ना ताई."

त्यानं तिचा हात हातात घेतला. धावून धावून तिचा तळवा घामानं निथळत होता. बघता बघता तो कोरडा पडला.

तिनं हात ओढला. सुटेना. त्यानं तर तो नुसता सैल धरला होता.

"बस ना," तो पुन्हा म्हणाला.

तिला बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली होती.

तिच्या बोटातली घट्ट अंगठी आपोआप सैल झाली आणि फरशीवर घरंगळत गेली.