मधूला थंडी वाजते

राज्याचे दोन तुकडे झाले आणि मधूची बदली ग्वाल्हेरहून रायपूरला निघाली. त्याच आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली.

"राज्य कापून झालं. आता माझी पाळी," असं हसत म्हणून तो बायपाससाठी दिल्लीला निघाला.

पद्मा सासूबाईंना समजावत होती. "आई, हृदय थोडा वेळ बंद ठेवतात. भोवती मिठाच्या पाण्याच्या बर्फाचा चुरा घालतात. थंडीच त्याला जपते. आणि मध्येच जर त्याला ऊब..."

पुढचं सुलोचनाबाईंनी ऐकलं नाही. मधूचा स्वेटर शोधायला त्या उठल्या होत्या.

*

ऑपरेशनच्या दिवशी ग्वाल्हेरात दुपारीही धुकं होतं. सुलोचनाबाई सिगडीपाशी माळ ओढत बसल्या होत्या. दार लोटलं गेलं.

मधू.

"पडावच्या स्टँडवरून पायीच आलो, आई. टेंपो मिळाला नाही."

दिल्लीहून आज कसा, हे त्यांनी विचारलं नाही. त्याचे ओठ निळे पडले होते. शर्ट छातीपाशी ओला होता.

"फार थंडी वाजते गं."

"बस इथं."

त्याच्या वडिलांची लोकरी शाल त्यांनी त्याच्या छातीभोवती घट्ट लपेटली. सिगडी त्याच्या खुर्चीजवळ ओढली. त्याचे तळवे आपल्या हातांत घेऊन चोळत राहिल्या.

"पद्मा रागावेल," तो म्हणाला.

"रागावू दे. तिला काय कळतंय."

हळूहळू त्याचं कुडकुडणं थांबलं. ओठांवर रंग आला.

"आता बरं वाटतं."

त्यानं डोळे मिटले.

*

आतल्या खोलीत फोन वाजला.

"आई." पद्माचा आवाज सपाट होता. "हे गेले."

सुलोचनाबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"डॉक्टर म्हणतात, असं कधी पाहिलं नाही. बर्फ घालत होते, घालत होते, लगेच पाणी होत होतं. हृदय गार राहीचना. आई, ऐकताय ना?"

त्यांनी वळून बाहेरच्या खोलीत पाहिलं.

खुर्ची.

शाल.

शालीतून पाणी ठिबकत होतं.

*

तेरावं झाल्यावर त्यांनी ती शाल दोरीवरून काढली. बोचरं वारं सुटलं होतं; दोरीवरचं प्रत्येक कापड हाताला बर्फासारखं लागत होतं. शालीवर, छाती यायची तिथं, मुठीएवढा पांढरा डाग वाळला होता. मिठाचा.

त्यावर त्यांनी तळवा ठेवला.

डाग कोमट होता.